जहाज आलं का बघ

कॉलिन गेडिसच्या दवाखान्याच्या तळघरात अर्धं टिमारू तोंड उघडून बसलेलं होतं. न्यूझीलंडच्या किनाऱ्यावरच्या या गावात एकेचाळीस वर्षांत ज्या ज्या पोराचे वाकडे दात त्याने सरळ केले, त्या प्रत्येकाच्या जबड्याचे प्लास्टरचे साचे तिथे पुठ्ठ्याच्या पेट्यांत रचून ठेवले होते. पेटीवर नाव, आत टिश्यू पेपरात गुंडाळलेले आधीचे दात आणि नंतरचे दात, आणि बुडाशी उपचाराचं कार्ड. बँकेच्या मॅनेजरबाईंचे सशासारखे पुढे आलेले दात तिथे होते, आणि ज्या हेडमास्तरांना सगळं गाव टरकून असे त्यांचा बाराव्या वर्षीचा, एकावर एक चढलेला खालचा जबडाही तिथेच होता. कॉलिनने हे कधी कुणाला सांगितलं नाही. पण गावात कुणी फार तोऱ्यात बोलायला लागलं की त्याला ती पेटी आठवायची आणि तो गालातल्या गालात हसायचा.

आता या पेट्या फेकायच्या होत्या. बे हिलवरची जुनी इमारत भूकंपाच्या नव्या नियमांत बसत नव्हती, म्हणून दवाखाना सप्टेंबरअखेर खाली गावात हलणार होता. नव्या जागेत सगळं चकचकीत, गाड्या लावायला ऐसपैस जागा, आणि समुद्राच्या बाजूला एकही खिडकी नाही. तळघर तर नाहीच. कॉलिन बहात्तर वर्षांचा झाला होता. तो स्वतः नव्या जागेत जाणार नव्हता. खुर्ची लोसाकडे द्यायची आणि घरी बसायचं, असं ठरलं होतं.

लोसा व्हाईपुलू ही दवाखान्यातली दुसरी डॉक्टर. तिचे वडील टोंगा बेटांवरून येऊन इथल्या मटणाच्या कारखान्यात कामाला लागले, ती टिमारूतच वाढली, आणि बारा वर्षांची असताना कॉलिननेच तिच्या दातांना तार लावली होती. पुढे ती डनीडिनला शिकली, दात सरळ करण्याचीच विद्या घेतली आणि दोन वर्षांपूर्वी त्याच्याच दारात नोकरीला आली. कॉलिनला याचा अभिमान होता. फक्त एका गोष्टीवरून त्यांचं रोज वाजायचं, ती म्हणजे ब्रॅकेट कुठे आणि कसं चिकटवायचं.

ब्रॅकेट म्हणजे दातावर चिकटवायचा मसुरीच्या डाळीएवढा तुकडा. त्याच्या खाचेतून तार जाते. तार सरळच असते, ती सरळच राहायला बघते, आणि दाताला मुकाट्याने ब्रॅकेटमागे जावं लागतं. ब्रॅकेट केसभर तिरकं लागलं तर दीड-दोन वर्षांनी दात तेवढाच तिरका उभा राहतो. "तार कधी चुकत नाही, चुकतो तो लावणारा," हे कॉलिनचं ठेवणीतलं वाक्य. हे वाक्य तो अशा थाटात म्हणायचा की लावणारा म्हणजे दुसराच कुणीतरी.

कॉलिन नजरेने लावायचा. चिमट्यात ब्रॅकेट, त्यावर ठिपकाभर सिमेंट, दातावर टेकवलं, एक डोळा बारीक केला, किंचित सरकवलं, सिमेंट घट्ट करणारा निळा दिवा मारला, झालं. लोसाची पद्धत वेगळी. ती पोराच्या तोंडात कॅमेऱ्याची दांडी फिरवायची, कॉम्प्युटरवर सगळे दात उभे करायची, आणि पोरगं घरी गेल्यावर निवांतपणे एकेका ब्रॅकेटची जागा ठरवायची. मग त्याचा मऊ ट्रे छापून यायचा. तो ट्रे दातांवर दाबला की सगळी ब्रॅकेटं एकदम आपापल्या जागी.

"हे म्हणजे बाजारातून तयार पोळ्या आणून ताटात वाढणं झालं," कॉलिन म्हणायचा.

"पोळ्या गोल असतात ना पण?" लोसा म्हणायची.

"आणि ट्रे काढताना निम्मी ब्रॅकेटं ट्रेलाच चिकटून बाहेर येतात, त्याचं काय?"

"दोन आली होती, डॉक्टर. एकदाच. आणि त्या पोराच्या तोंडाला धबधब्यासारखं पाणी सुटलं होतं. तुम्ही अजून किती वर्षं ऐकवणार आहात?"

"मी आहे तोवर. नंतर तू सुखी."

हा रोजचाच तमाशा होता आणि दोघांनाही तो आवडायचा. पण त्या वर्षी त्यात ब्रायोनी आली आणि गंमत गंमत राहिली नाही. ब्रायोनी ही कॉलिनच्या मुलीची मुलगी, तेरा वर्षांची. तिचे दोन्ही वरचे सुळे हिरडीच्या पार वर चढून बसले होते. शाळेत तिला व्हॅम्पायर म्हणायचे आणि तिला ते मनापासून आवडायचं, पण आईला आवडत नव्हतं. तिच्या दातांना तार लावायची वेळ झाली होती.

ते काम कॉलिनला स्वतः करायचं होतं. हे शेवटचं काम, आणि ते आपल्या हातचं. त्याचं कारण नोला. नोला त्याची बायको. सत्तावीस वर्षं ती खुर्चीच्या डाव्या अंगाला स्टुलावर बसून त्याच्या हाताखाली मदतनीस म्हणून काम करत होती. पुढे तिच्या खुब्याने दगा दिला आणि तिने ते स्टूल सोडलं. तिला जाऊन आता चार वर्षं झाली होती. शेवटच्या आजारात एका दुपारी उशीला टेकून ती म्हणाली होती, "ब्रायोनीचे दात लावशील तेव्हा मला बोलाव हं, कॉलिन. विसरू नकोस." ब्रायोनी तेव्हा नऊ वर्षांची होती आणि नोलाला उठून बसवायलाही माणूस लागत होतं. कॉलिन हसला होता, कारण नोला हसत होती. पण ते वाक्य त्याच्या मनातून गेलं नाही. तिला बोलावणं आता त्याच्या हातात नव्हतं. दात लावणं तरी होतं.

लोसाला मात्र काळजी वाटत होती. ती सरळ नाही म्हणाली नाही. ऑगस्टमध्ये एका दुपारी चहाला बसल्यावर तिने विषय काढला.

"नोव्हेंबरात डनीडिनला दातांच्या डॉक्टरांची बैठक आहे. मला बोलायला सांगितलंय. हाताने लावणं आणि ट्रेने लावणं, दोन्हींची तुलना. तळघरातल्या पेट्या फेकण्याआधी मला त्यातले साचे मोजू द्या ना. एवढी वर्षं एकाच माणसाचा हात, असं कुणाकडेच नसतं."

"खुशाल मोज. आणि माझा हात सरस निघाला तर?"

"तर ब्रायोनी तुमची."

"आणि तुझा ट्रे सरस निघाला तर?"

लोसा चहात बिस्कीट बुडवत राहिली. कॉलिननेच उत्तर दिलं, "तर तुझी. ठरलं." नाकावर माशी बसू न देणारा माणूस तो, माघार कसली घेतोय. शिवाय आपण हरू शकतो हे त्याच्या डोक्यातच आलं नाही.

ब्रायोनीला विचारलं तेव्हा ती म्हणाली, "ज्याचं लवकर आटपेल त्याच्याकडून करा. मला चारला नेटबॉल आहे."

पुढचे दोन आठवडे लोसा रोज संध्याकाळी तास-दोन तास तळघरात जायची. दर वर्षातल्या सहा पेट्या ती चिठ्ठ्या टाकून उचलायची, उगाच चांगल्याच निवडल्या असं कुणी म्हणायला नको. साचे वर आणायचे, कॅमेऱ्याखाली धरायचे, प्रत्येक दाताचा कल मोजायचा. कॉलिन मदतीच्या निमित्ताने मध्ये लुडबुडायचा. मदत कसली, तो एकेक पेटी उघडायचा आणि गोष्ट सांगत बसायचा.

"हा बघ, हा ग्रॅहम. याने तारेत टॉफी अडकवून आणली होती, शुक्रवारी पाच वाजता. मी आणि नोला साडेसहापर्यंत उकरत होतो. आणि ही बघ, ही त्या पावाच्या दुकानातली. तिचे दात नीट झाले त्या दिवशी तिच्या आईने चाळीस चीज रोल आणून दिले होते. आठवडाभर तेच खाल्लं आम्ही."

"डॉक्टर, तो साचा द्या इकडे. तुम्ही हातात धरून बसलात की माझं काम अडतं."

तो साचा द्यायचा आणि दुसरी पेटी उघडायचा. खरं तर त्याला साच्यांपेक्षा कार्डंच बघायची असायची. कार्डांवर नोलाचं गोलसर अक्षर होतं. कधी तार बदलली, कधी रबर दिलं, पोरगं रडलं की नाही, सगळं. आणि प्रत्येक कार्डाच्या उजव्या कोपऱ्यात तिने एखाद्या जहाजाचं नाव लिहून ठेवलेलं असायचं. खिडकीतून बंदर दिसायचं. नोला डाव्या स्टुलावर बसायची म्हणजे तिचं तोंड खिडकीकडे. कॉलिन खुर्चीच्या उजव्या अंगाला, त्याची बंदराकडे पाठ. चाळीस वर्षं त्याने त्या खिडकीतून काही पाहिलं नव्हतं. नोला मात्र पोरांना जहाजं दाखवायची. काम चालू असताना मध्येच म्हणायची, "जहाज आलं का बघ." पोरगं मान वळवून खिडकीकडे बघायचं, ती नाव विचारायची, आणि कार्डावर लिहून ठेवायची म्हणजे पुढच्या खेपेला बोलायला विषय. कॉलिनला त्याचा थोडा वैताग यायचा. इथे मी केसभराचं काम करतोय आणि बाईसाहेबांची बोटसफर चाललीय, असं तो घरी जाताना गाडीत म्हणायचा. नोला म्हणायची, "पोरं घाबरतात रे." विषय तिथेच संपायचा.

आज त्या कोपऱ्यातलं एकेक नाव वाचताना त्याला तिचा आवाज ऐकू यायचा. 'सदर्न प्लोव्हर'. 'आरोहा मेड'. ज्या दिवशी बंदरात काहीच नसेल त्या दिवशी तिने लिहिलेलं असायचं, 'नुसता समुद्र'. या पेट्या फेकून द्यायला निघालो आपण, असं मनात येऊन तो अस्वस्थ व्हायचा आणि मग लोसाला उगाच टोमणा मारायचा.

शुक्रवारी लोसाचं मोजून झालं. तिने बेकरीतून चीज रोल आणले होते. कॉलिनने ते पाहिलं आणि त्याला जरा शंका आली. लोसा स्वतःहून काही खायला आणते तेव्हा बातमी बरी नसते, हे त्याला दोन वर्षांत कळलं होतं.

"बोल," तो म्हणाला.

"उजवी बाजू," लोसा म्हणाली, "एकदम चोख. तुमच्या हातात आणि माझ्या ट्रेत फरकच नाही. काही ठिकाणी तर तुम्हीच बरे."

"आणि?"

"आणि डावी बाजू. डावीकडचा वरचा सुळा. तो कलतो. तीन-चार अंश. कितीतरी साच्यांत, आणि एकाच दिशेला."

कॉलिनने चीज रोल खाली ठेवला. "चार अंश कुणाच्या बापाला दिसतात?"

"कुणालाच नाही. तुम्हाला आणि मला दिसतात."

"माप चुकलं असेल तुझं."

"तीनदा मोजलंय." ती खुर्ची ओढून त्याच्या जवळ बसली. "यात तुमचा दोष नाही, डॉक्टर. तुम्ही उजवीकडे बसता. डावा सुळा पलीकडे, वळणावर. तिथून तो तिरकाच दिसतो, मग ब्रॅकेटही तसंच लागतं. उजव्या हाताने काम करणाऱ्या सगळ्यांचं होतं. पुस्तकातच लिहिलंय."

"मला पुस्तकं नको सांगूस. या गावातली अडीच हजार तोंडं माझ्या हाताखालून गेलीत."

तो उठला, कोट घेतला आणि रुग्ण शिल्लक नव्हते म्हणून घरी निघून गेला. घरी बसून त्याने दातओठ खाल्ले, दुसरं काय करणार. चार अंशांनी कुणाचं काही बिघडत नाही, हे तो स्वतःला पुन्हा पुन्हा सांगत होता. पण ज्या गोष्टीवर माणसाने आयुष्यभर छाती काढलेली असते तिथेच बोट ठेवलं गेलं की अंश मोजून समाधान होत नाही. पंगत जेवून उठली आणि मग कुणी सांगावं की आमटीत मीठ नव्हतं, तशी त्याची गत झाली. सगळ्या गावाच्या डाव्या सुळ्यात आपली चूक उभी आहे. आणि आता ब्रायोनीही गेली.

शनिवारी सकाळी न्याहारी होताच तो एकटाच तळघरात जाऊन बसला. स्वतःच्या डोळ्यांनी बघितल्याशिवाय मानायचं नाही असं त्याने ठरवलं होतं. लोसाने वर्षवार मांडून ठेवलेले साचे त्याने शेवटापासून हातात घेतले. २०२१. खरंच, डावा सुळा कललेला होता. २०१६, तोच कल. २०१२, तोच. एकदा दिसायला लागल्यावर तो न दिसणं शक्यच नव्हतं, आणि इतकी वर्षं आपल्याला दिसला कसा नाही याचंच त्याला नवल वाटलं. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा. तो मागे मागे जात राहिला.

आणि मग एके ठिकाणी कल नव्हता. त्याच्या मागच्यात नव्हता. त्याच्याही मागच्यात नव्हता. दोन हजार सालचा साचा त्याने उजेडात धरला, पंच्याण्णवचा धरला. सुळे खांबासारखे सरळ. अगदी सुरुवातीचे, ब्याऐंशीचे चार-पाच सोडले तर सगळे सरळ.

म्हणजे डोळे गेले आपले, त्याला वाटलं. वय झालं. पण डोळे गेले असते तर उजवी बाजूही बिघडली असती, आणि ती चोख होती. हात थरथरला असता तर चूक इकडेतिकडे झाली असती, नेमाने एकाच दिशेला झाली नसती. त्याने ज्या पेटीपासून कल सुरू होत होता ती आणि तिच्या आधीची पेटी, दोन्हींतली कार्डं काढून शेजारी शेजारी ठेवली. ब्रॅकेट लावल्याची तारीख, एकावर चौदा ऑगस्ट दोन हजार नऊ. दुसऱ्यावर एकवीस ऑगस्ट. पहिल्या कार्डाच्या कोपऱ्यात लिहिलं होतं, 'कोस्टल हेरन'. दुसऱ्या कार्डाचा कोपरा कोरा. अक्षरही वेगळं, नव्या मदतनीस मुलीचं.

चौदा ऑगस्ट हा नोलाचा खुर्चीजवळचा शेवटचा दिवस होता. दुसऱ्याच दिवशी, शनिवारी त्याने तिला खुबा दाखवायला क्राइस्टचर्चला नेलं होतं.

कॉलिन पेटीवरच बसला. कार्डं त्याच्या मांडीवर होती. पोरगं खिडकीकडे बघतं म्हणजे मान कुठे वळवतं? उजवीकडे. म्हणजे त्याच्याकडे. आणि उजवीकडे मान वळली की डावा सुळा कुठे येतो? थेट त्याच्या डोळ्यांसमोर.

मग त्याला ब्याऐंशी सालातली ती गोष्ट आठवली. आठवली म्हणणं खोटं होईल, ती कधी गेलीच नव्हती. दवाखाना उघडून महिना झाला होता. परदेशात शिकून आल्याचा माज अंगात होता. एका पोराची डावी बाजू लावून झाली आणि नोला हळूच म्हणाली, "कॉलिन, त्या सुळ्यावरचं ब्रॅकेट जरा पुढे झुकलंय असं वाटतंय." पोराची आई समोर बसलेली. कॉलिन म्हणाला, "दात मी बघतो. तू थुंकीची नळी बघ." नोलाचा चेहरा उतरला. ती नळी धरून बसून राहिली. त्या दिवशी घरी जाताना गाडीत ती बोलली नाही, दुसऱ्या दिवशीही नाही. तिसऱ्या दिवशी, तो डाव्या सुळ्याशी आला तेव्हा पहिल्यांदा त्याने ऐकलं, "जहाज आलं का बघ." त्याला वाटलं, चला, राग गेला बाईंचा. माफी मागायचं राहूनच गेलं.

नंतर सत्तावीस वर्षं तिने पुन्हा एकदाही त्याला दात दाखवून दिला नाही.

सोमवारी सकाळी लोसा आली तेव्हा कॉलिन आधीच येऊन बसला होता. टेबलावर ती दोन कार्डं होती. त्याने ती तिच्यापुढे सरकवली. लोसाने तारखा पाहिल्या, कोपरे पाहिले, आणि खुर्चीत बसली.

"शुक्रवारी मी निम्मंच सांगितलं होतं," ती म्हणाली. "चूक नऊ सालापासून सुरू होते हे मला कळलं होतं. का ते तेव्हा कळलं नव्हतं. तुम्ही निघून गेलात आणि मग रात्री भात कालवताना एकदम आठवलं. सांगू का?"

"सांग."

"मी बारा वर्षांची होते. याच खुर्चीत. नोला म्हणाल्या, जहाज आलं का बघ. मी बघितलं. नव्हतं. मी म्हटलं, बाई, एकही जहाज नाहीये. तुम्ही चिमटा पुसायला मागे वळला होतात. तर त्या माझ्या कानाशी वाकल्या आणि म्हणाल्या, माहितेय मला. तरी बघ. डॉक्टरांना तुझा सुळा दिसू दे."

कॉलिनने चष्मा काढला. बराच वेळ तो नुसता पुसत बसला. लोसा उठून किटली लावायला गेली, ती मुद्दामच. परत आली तेव्हा त्याचे डोळे लाल होते आणि तो ते लपवत नव्हता.

"मी तिची बोटसफर म्हणून टिंगल करायचो," तो म्हणाला. "गाडीत. रोज."

"त्यांना ठाऊक असणार की तुम्हाला कळलं तर तुम्ही मान वळवू दिली नसती."

"नसतीच दिली." त्याने चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. "आणि शेवटी म्हणाली, ब्रायोनीचे दात लावशील तेव्हा मला बोलाव. मला वाटलं थट्टा करतेय. बाई कामाचं बोलत होती गं."

लोसाने त्याच्यापुढे चहा ठेवला. मग ती म्हणाली, "डॉक्टर, तुलनेचा निकाल असा आहे की तुम्ही आणि नोला मिळून माझ्या ट्रेइतकेच होता. बरोबरी. डनीडिनला मी हेच सांगणार आहे. तेव्हा ब्रायोनीचं तुम्हीच करा. मी डावीकडच्या स्टुलावर बसते. वेळ आली की जहाज विचारते. मला शब्द पाठ आहेत."

कॉलिनला हे हवं होतं. सगळा ऑगस्ट त्याला हेच हवं होतं, आणि ते आता ताटात वाढून समोर आलं होतं. तो कपाकडे बघत बसला.

"नको," तो म्हणाला. "तू कर. ट्रेने कर. पोरीचे दात चोख बसले पाहिजेत, आणि माझ्या डोळ्याला डावी बाजू दिसत नाही हे आता मला माहीत आहे. स्टुलावर मी बसतो."

"स्टुलावर? तुम्ही?"

"थुंकीची नळी मी धरतो."

लोसाने त्याच्याकडे बघितलं आणि होकारार्थी मान डोलावली.

सप्टेंबरच्या शेवटच्या बुधवारी शाळेतून ब्रायोनी आली. खोलीतलं निम्मं सामान खोक्यांत गेलं होतं, भिंतीवरच्या चित्रांच्या जागी पांढरे चौकोन उरले होते. जुन्या खुर्चीवरचं हे शेवटचं काम. ब्रायोनी आडवी झाली, ओठ ताणून धरणारं प्लास्टिक तोंडात बसवून घेतलं, आणि आजोबा डावीकडे स्टुलावर बसलेले बघून तिने भुवया वर केल्या. तोंडात प्लास्टिक असूनही ती बोललीच.

"आजोबा, तुम्ही चुकीच्या बाजूला बसलात."

"गप. आज मी मदतनीस आहे. मदतनिसाशी उद्धटपणे बोलायचं नसतं."

"पण चारला..."

"नेटबॉल. माहीत आहे."

स्टूल नोलाच्या उंचीला लावलेलं होतं, चौदा वर्षांत ते कुणी बदललं नव्हतं की मधल्या मुली तेवढ्याच उंचीच्या होत्या, कुणास ठाऊक. कॉलिनचे गुडघे वर येत होते. त्याने नळी धरली आणि समोर पाहिलं. समोर खिडकी होती. खिडकीत सगळं बंदर, धक्का, लाकडाच्या ओंडक्यांच्या राशी आणि पलीकडे सकाळपासून ढगाळलेला करडा समुद्र. एवढी वर्षं हे सगळं त्याच्या पाठीमागे होतं, आणि ती रोज त्याच्या खांद्यावरून ते बघत होती. खाली नजर टाकली तर नातीचा डावा सुळा त्याच्या अगदी समोर होता. थेट, स्वच्छ, जवळ. इथून कुणालाही दिसला असता. त्याला एकदम नोलाची अशी काही आठवण आली की हातातली नळी बाजूला सरकली आणि लोसाने ती नीट केली.

लोसाने दात पुसले, सुकवले, डोळे बारीक करून एकदा पाहिले आणि उजव्या बाजूचा ट्रे दाबून बसवला. निळा दिवा मारला. मग तिने डाव्या बाजूचा ट्रे उचलला. ट्रेला मान कुठे आहे याने काही फरक पडत नाही, हे खोलीतल्या दोघांनाही ठाऊक होतं. तरी लोसा ट्रे हातात धरून थांबली.

कॉलिन नातीच्या कानाशी वाकला. "ब्रायोनी, खिडकीत बघ जरा. जहाज आलं का बघ."

ब्रायोनीने डोळे फिरवले. "एकही नाहीये, आजोबा."

"माहितेय मला," तो म्हणाला. "तरी बघ."

ब्रायोनीने उसासा टाकून मान उजवीकडे वळवली, आणि डावा सुळा लोसाच्या समोर आला.